कापलेल्या कडा

नानांचा फोन आला तेव्हा ती आकाश शिवत होती. ऑफिसात सगळे असंच म्हणायचे. शहराबाहेरच्या माळावर उभ्या असलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या आकाशाचा एकेक तुकडा टिपायच्या, त्याचा एकेक चौकोनी नकाशा व्हायचा, आणि असे सुटे चौकोन एकमेकांना जोडून त्यांची अखंड पट्टी करायची, हे तिचं काम. डोळ्यांना दिसतं ते आकाश नव्हे. रेडिओ लहरींचं, जे कुणालाच कधी दिसत नाही. फोनवर सासऱ्यांचं नाव पाहून तिनं तो घाईनं उचलला, कारण नाना कामाच्या वेळी कधी फोन करत नसत. "कामात आहेस का गं? दोनच शब्द. तुझी ती निळी बॅग नेऊ का मी? माझीची चेन काही केल्या लागत नाहीये." ती म्हणाली, "न्या की नाना, विचारायचं काय त्यात." "तसं नाही, विचारलेलं बरं. परत पाठवतो मी कुणाबरोबर तरी." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवलासुद्धा. तिनं समोर अर्धवट राहिलेलं काम पुढं सरकवावं म्हणून चार कळा दाबल्या, जोडणी सुरू झाली, आणि ती खिडकीबाहेर बघत राहिली. पार्किंगमध्ये कुणीतरी गाडीची काच पुसत होतं. परत पाठवतो, असं म्हणाले नाना. स्वतः येण्याचा विषयच नव्हता त्यात.

उद्या सकाळी नाना जाणार होते. आठपंधरा दिवसांसाठी नव्हे, राहायलाच. मुलीकडे, म्हणजे हिच्या नणंदेकडे, दुसऱ्या शहरात. हे कधी ठरलं आणि कुणी ठरवलं, ते घरातल्या एकालाही धड सांगता आलं नसतं. ताई एकदा फोनवर म्हणाल्या, नानांना थोडे दिवस इकडे पाठवा, तेवढाच बदल. नवरा म्हणाला, त्यांना हवं असेल तर. नाना म्हणाले, तुमच्या सोयीनं. आणि ती म्हणाली होती, नानांना बरं वाटेल तसं. प्रत्येकानं इतक्या समजूतदारपणे चेंडू दुसऱ्याच्या अंगणात टाकला की त्या थोड्या दिवसांचं कायमचं कधी झालं ते कळलंच नाही. मग ताईंनी तळमजल्यावरची खोली रंगवून घेतली. खोली रंगवून झाल्यावर आता नको कसं म्हणायचं? आपली माणसं भांडून वेगळी होतात, हे तिनं पुष्कळ ऐकलं होतं. न भांडता, आधी तुम्ही, आधी तुम्ही करत वेगळी होतात, हे कुणी सांगितलं नव्हतं.

नाना कवळ्या करायचे. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाचे साचे यायचे आणि नाना आपल्या छोट्या खोलीत बसून, भिंग लावून, एकेक दात बसवायचे. नवऱ्यानं तिला पहिल्यांदा घरी नेलं तेव्हा ती घाबरून फारसं बोललीच नव्हती, नुसतं हसत होती, आणि नाना तिच्या हसण्याकडे फार बारकाईनं बघत होते. शेवटी म्हणाले, "पुढचा एक किंचित वाकडा आहे. पण करून घेऊ नकोस हं सरळ. त्यानंच चेहरा ओळखू येतो." सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. तेव्हा घरभर माणसं नव्हती, चारच होती, पण घर भरलेलं वाटायचं. नाना रस्त्यात कुणी भेटलं की त्याच्या तोंडाकडे बघून सांगायचे, वरची माझी आहे. असा अभिमान. आणि गेल्या वर्षी सासूबाई गेल्या, अगदी साध्या आजारानं, दवाखान्यातून परत येणार म्हणून ताजी चादर घातलेली असताना. तेव्हापासून नाना घरात असूनही कुठं असत ते कळेनासं झालं. सोफ्यावर बसत नसत. दाराजवळच्या स्टुलावर टेकायचे, कुणी आलं की उठायचे. कप लगेच धुऊन पालथा घालायचे. वाटेत आले की भिंतीला चिकटून जागा द्यायचे, स्वतःच्या घरात. तिला ते बघवत नसे आणि रागही येई, आणि या माणसाचा राग कसा करायचा, त्याची बायको गेलीय, असं मनाशी म्हणून ती तो राग गिळून टाकी आणि जास्तच गोड बोले. गोड बोलण्याची एक सवय लागते. मग ती सुटत नाही.

संगणकानं घंटी वाजवली. जोडणी झाली होती. तिनं सवयीनं नजर फिरवली आणि आधी तिला स्वतःचीच चूक दिसली, जी चूक तिच्याकडून कधी होत नसे. तिनं कडा कापल्याच नव्हत्या. तबकड्यांना मधलं आकाश चांगलं ऐकू येतं, कडेचं कमी. कडेचं ते क्षीण बोलणं मधल्याच्या बरोबरीला आणायचं तर आवाज वाढवावा लागतो, आणि आवाज वाढवला की सोबत खरखरही वाढते. म्हणून जोडण्याआधी प्रत्येक चौकोनाच्या कडा कापून टाकायच्या, ही इथली रीत. नव्या माणसाला आल्या दिवशी हेच शिकवत. बाकीचे जरा हात राखून कापत. ती मात्र इतक्या सफाईनं कापायची की ऑफिसानं तिचं नाव कात्री ठेवलं होतं. कात्री आज रजेवर आहे का, कात्रीला धार लावा कुणीतरी, असले विनोद वर्षानुवर्षं चालत. आणि आज नानांच्या बॅगेच्या नादात तिनं कात्रीच चालवली नव्हती. पडद्यावर चार चौकोन आपापल्या चिंध्या लोंबकळत ठेवून एकमेकांना भिडले होते, आणि चौघांचे कोपरे जिथं एकत्र येत होते तिथं, त्या सगळ्या खरखरीच्या आत, एक गोल होता.

तिनं तो पुसायचा प्रयत्न केला. म्हणजे अक्षरशः, बोटानं पडदा पुसला. मग रंग बदलून पाहिले, फिका केला, गडद केला. टेबलावर ओल्या पेल्याचा ठसा उमटावा तसा फिकट, एका बाजूला ठळक, दुसऱ्या बाजूला पुसट, पण गोलच. आकाशात तो डोळ्यांनी दिसत असता तर पौर्णिमेच्या चंद्राहून मोठा दिसला असता. चौकटी सुट्या करून पाहिल्या तर प्रत्येकात फक्त एका कोपऱ्यात एक वाकडी रेघ. एक रेघ पाहून कुणी म्हणेल, काहीतरी बिघडलंय. चार रेघा एकत्र पाहिल्या की म्हणवत नाही. आयुष्यातली एवढी वर्षं दुसऱ्यांनी शोधलेल्या गोष्टींचे नकाशे शिवण्यात गेलेल्या माणसाला असं काही समोर आलं की आनंद आधी होत नाही, भीती होते. हे आपल्याला दिसतंय म्हणजे आपलंच काहीतरी चुकतंय, असं वाटतं. ती उठून पाणी प्यायली. परत येऊन बसली. गोल तिथंच होता.

शेजारच्या टेबलावरची तिची मैत्रीण, जिला ती घरी बोलतानाही शेजारीणच म्हणायची, खुर्ची सरकवत आली आणि पडद्यावर वाकली. मग म्हणाली, "खालचा उजवा माझा ना?" हो, चारातला तो चौकोन शेजारणीनं केला होता. "त्यात ती रेघ होती. मला चांगली आठवते. मी कापली." "का?" "कडेला होती म्हणून. कडेचं कापतात ना? तूच शिकवलंस." दोघी हसल्या, पण ते हसणं जरा कोरडंच होतं. मोठे सर आले. निवृत्तीला आलेले, घसा साफ केल्याशिवाय एक वाक्य न बोलणारे. वरचा डावा चौकोन त्यांनी फार पूर्वी, त्या तबकड्या नव्या असताना केला होता. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पडद्याला नाक लागेल इतके वाकले, आणि घसा साफ न करताच म्हणाले, "मी पण पाहिली होती. मला वाटलं माझ्याकडूनच जुळवणीत काही राहिलं. कुणाला दाखवणार? लोक हसले असते." तिसरा चौकोन तिचा स्वतःचाच होता, त्यातली रेघ तिनंही कधीतरी आपली चूक समजून कापली होती. चौथा एका दाढीवाल्याचा होता, जो आता विमा कंपनीत आकडे बघतो. शेजारणीनं त्याला फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. दाढीवाला म्हणाला, "हो, एक वाकडी रेघ होती कोपऱ्यात. का, सापडली की काय?" जणू काही तोच ती कुठंतरी विसरून आला होता. या चारांच्या मधलं आकाश टिपणारं पाचवं निरीक्षणही खरं तर घ्यायला सुरुवात झाली होती, पण त्या दिवशी वीज गेली आणि ते पुन्हा घ्यायचं राहून गेलं. चार शहाणी माणसं, प्रत्येकानं आपापला तुकडा पाहिला, कडेचं म्हणून किंवा आपलाच दोष समजून कापला, आणि मधली मोकळी जागा भोवतालच्या रंगानं भरून टाकली. तो आधीचा नकाशा अगदी स्वच्छ दिसत होता; आज ती तेच मूळ, न कापलेले चौकोन नव्या पट्टीसाठी पुन्हा जोडत होती. बक्षीसही मिळालं होतं त्या नकाशाला.

मग दुपार कशी गेली ते कळलं नाही. आधी नाही म्हणायची सगळी कारणं शोधायची, ही या कामाची शिस्त. गरम वायूचा साधा ढग असेल तर त्याच्यासोबतची धूळही उजळते. धुळीचा नकाशा काढला, तिथं काही नव्हतं. लांब लहरींचा जुना नकाशा काढला. त्यात गोल आणखी ठळक. आखूड लहरींच्या नकाशात जवळजवळ नाहीच. साधे ढग असं वागत नाहीत. असं वागतो फक्त फुटलेला तारा, म्हणजे त्याचं जे उरतं ते, सुपरनोव्हाचा अवशेष. एक प्रचंड तारा कधीतरी, माणसानं भांडी घडवायला सुरुवात केली असेल नसेल तेव्हा, एका क्षणात संपला, आणि त्याच्या अंगावरचं सगळं बाहेर फेकलं गेलं, ते अजून जातंच आहे. वाटेतल्या वायूला ढकलत, तापवत, हळूहळू मंदावत. तारा जागेवर नाही. त्याचं जाणं मात्र अजून संपलेलं नाही. हे तिला पुस्तकातून ठाऊकच होतं, शिकाऊ मुलांना तिनं तोंडपाठ सांगितलंही होतं. पण आज त्या वाक्याशी ती अडली. सासूबाई गेल्या त्या सकाळी घरात सगळं शांत होतं, फक्त त्यांची चप्पल दाराशी होती आणि ती उचलायची कुणी, हे कुणाला कळत नव्हतं. त्यानंतरच्या प्रत्येक दिवशी ते जाणं थोडं थोडं पुढं सरकत आलं होतं. आधी त्यांची खोली, मग स्वयंपाकघर, मग जेवणाच्या टेबलावरचं बोलणं, मग नवऱ्याचं गाणं गुणगुणणं, आणि आता नाना. आता ते नानांनाच घराबाहेर ढकलत होतं, आणि आपण सगळे बाजूला उभे राहून वाट करून देत होतो. तिला एकदम रडू आलं. शेजारणीला वाटलं, आनंदानं. तिनं पाठीवर थाप मारली.

सरांनी त्यांचं सगळं वजन वापरून त्याच दिवशी तबकड्यांचा वेळ मिळवला. रेडिओ लहरींना दिवस काय आणि रात्र काय. ते आकाश ऊन उतरतानाच माथ्यावर येणार होतं, आणि जे पाचवं निरीक्षण राहून गेलं होतं ते आज घ्यायचं होतं, गोलाच्या बरोबर मध्यावर. नियंत्रण कक्षात तिघं बसली. माळावरच्या तबकड्या एकदम मान वळवतात तेव्हा कॅमेऱ्यात त्या फार आज्ञाधारक दिसतात. कच्चा नकाशा थोडा थोडा उमटायला लागला, आधी खरखर, मग डाव्या बाजूला एक कमान. पूर्ण गोल व्हायला वेळ लागणार होता. शेजारणीनं कॉफी मागवली, सर न थांबता बोलत होते, शोधाची बातमी कशी लिहायची, पहिलं नाव हिचंच घालायचं, वगैरे. ती ऐकत होती आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती की घरी नाना आत्ता औषधांच्या पट्ट्या मोजत असतील आणि उद्या या वेळी ते त्या रंगवलेल्या खोलीत असतील. त्या खोलीचा रंगही तिला माहीत नव्हता. तिनं विचारलाच नव्हता. बाजूला, चौकटीबाहेर, कोपऱ्यात आपल्याला जे जे दिसलं ते ते आपण कापत आलो. सकाळी नाना स्टुलावरून उठले की चिडचिड होते, ती कापली. ते जाणार म्हणून रडू येतं, ते कापलं; म्हटलं, हा आपला हळवेपणा, त्यांच्या मुलीचा हक्क मोठा. आणि घरात आपण एकट्यानंच कापलं कशावरून? कप खाली ठेवून ती उठली.

"कुठं?" शेजारणीनं विचारलं. "घरी." "वेडी आहेस का तू? अजून अर्धा गोल यायचाय. याला तुझं नाव लागणार आहे." "लागू दे. तू बघ ना. मी घरी जाते, नानांना उद्या नेणार आहेत." शेजारणीनं तिच्याकडे पाहिलं. तिला नानांची सगळी हकिगत ठाऊक होती, तिची आईही एका भावाकडून दुसऱ्या भावाकडे अशीच फिरत असे. ती फक्त म्हणाली, "जा. गोल पूर्ण झाला की कळवते." सरांनी घसा साफ केला आणि ते पुन्हा पडद्याकडे वळले.

बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. तिनं ताईंना फोन लावला आणि नमस्कार-चमत्कार न करता विचारलं, "ताई, तुम्हाला नाना खरंच तिकडे हवेत का?" मग ताई म्हणाल्या, "असं का विचारतेस? तू दमलीस ना गं त्यांचं करून?" "कुणी सांगितलं मी दमले?" "सांगायला कशाला हवं. तू इतकी जपून बोलतेस त्यांच्याशी. मला वाटलं, हिला जड जातंय, बोलून दाखवत नाही बिचारी." ताईंचा आवाज चिरकला. "आम्ही दोघं दिवसभर दुकानात. ते त्या खोलीत भिंतीशी बोलणार का? रंग देताना माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पण माझाच बाप, आणि मीच नको म्हणू?" ती म्हणाली, "मी ठेवते आता फोन. घरी गेल्यावर करते. उचला मात्र." एक थांबा आधीच उतरली, कारण बसमध्ये बसवेना. चालताना फोन थरथरला. शेजारणीचा निरोप होता, पूर्ण झाला, चारही बाजूंनी, सर रडतायत. ती रस्त्यात उभी राहिली आणि मनापासून हसली. खरंच आनंद झाला तिला. मग तिनं फोन पर्समध्ये टाकला आणि झपाझप निघाली.

घरी नवरा बैठकीत जमिनीवर बसून नानांच्या गोळ्या डब्यात भरत होता, सकाळ-दुपार-रात्र अशी वेगळी खणं केलेला डबा. आधीच कमी बोलणारा हा माणूस. आज तर त्यानं वरही पाहिलं नाही. ती त्याच्यासमोर बसली. "तुला नाना जायला हवेत?" त्यानं एक गोळी चुकीच्या खणात टाकली, काढली, पुन्हा चुकीच्याच खणात टाकली. "तुझ्यासाठी म्हणून मी..." "माझ्यासाठी?" "तू घरी आलीस की तुझा चेहरा कसा होतो ते तुला दिसत नाही. मला वाटलं, आई होती तोवर ठीक होतं, आता हिच्यावर सगळं पडतंय." "आणि तुला काय वाटतं?" त्यानं डबा बाजूला ठेवला. "मला काय वाटायचंय. मी महिनाभर रोज सकाळी गच्चीवर जाऊन रडतोय." हे त्यानं इतक्या साध्या आवाजात सांगितलं, दूध आणायचं राहिलं असं सांगावं तसं. तिनं त्याचा हात धरला. काय माणसं आहोत आपण, ती मनात म्हणाली. एका घरात राहून एकमेकांचा किती मान राखतोय.

नाना स्वयंपाकघराच्या दारातल्या स्टुलावर होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. घर काही एवढं मोठं नव्हतं. त्यांचा चेहरा तिनं पाहिला आणि तिला वाटलं होतं त्यातलं काहीच त्या चेहऱ्यावर नव्हतं. ते भडकले होते. "वा," नाना म्हणाले, "म्हणजे महिनाभर मी काय झक मारत होतो? बागेतल्या मंडळींनी मला निरोप दिला काल. भाषणं केली. थर्मास दिला. जोशात येऊन मीही भाषण केलं, आता भेट व्हायची नाही म्हणून. उद्या कुठल्या तोंडानं जाऊ तिथं?" नवऱ्याला हसू फुटलं, त्यानं ते दाबायचा प्रयत्न केला आणि त्याच्या नाकातून विचित्र आवाज निघाला. "हसू नकोस," नाना म्हणाले. "कवळ्यांची हत्यारंसुद्धा देऊन टाकली मी." तेवढ्यात फोन वाजला, ताईच होत्या, त्यांना दम कुठला निघायला, तिनं फोन टेबलावर ठेवला, सगळ्यांना ऐकू येईल असा. "नाना," त्यातून ताईंचा आवाज आला, "तुम्ही का नाही बोललात? राहायचंय असं का नाही म्हणालात?"

नानांचा राग जसा आला तसा उतरला. ते हातांकडे बघत राहिले. दात बसवून बसवून त्या बोटांची नखं बोथट झाली होती. "कसं म्हणणार बाळा," ते म्हणाले. "राहायचंय असं आपल्या घरात म्हणावं लागतं का? तुमची आई होती तेव्हा मला उठल्यापासून झोपेपर्यंत बोलायची. तो सदरा काय घातलात, हे इथं कुणी ठेवलं, कान गेले का तुमचे. शेजाऱ्यांना वाटायचं, काय भांडखोर बाई. मला ते ऐकूच यायचं नाही, इतकी सवय. ती गेली आणि सगळं एकदम बंद. तुम्ही सगळे इतके चांगले वागायला लागलात माझ्याशी. काही चुकलं तरी कुणी बोलेना. मी एकदा मुद्दाम नळ उघडा ठेवला, स्वयंपाकघरातला. म्हटलं बघू. वाहतोय वाहतोय, आणि ही आली ऑफिसातून." ते तिच्याकडे न बघता बोलत होते. "हिनं नळ बंद केला. माझ्याकडे पाहिलं. आणि हसली. पाहुण्याकडे बघून हसतात ना, तसं. त्या दिवशी मी मनाशी म्हटलं, चला, आपलं इथलं संपलं."

तिला तो दिवस आठवला. त्या दिवसांत पाण्याची टंचाई होती, टाकी निम्मी रिकामी झाली होती, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. ओरडावंसं वाटलं होतं, गदागदा हलवून विचारावंसं वाटलं होतं, नाना, तुम्ही कुठं आहात, कुठं हरवलात. ते सगळं तिनं एका क्षणात गिळलं होतं आणि हसली होती. केवढं कौतुक वाटलं होतं तिला तेव्हा स्वतःचं. आता ती उभी होती, पर्स अजून खांद्यालाच होती, आणि फोनमधून ताईंच्या रडण्याचा बारीक आवाज येत होता. नवरा उठून दाराला टेकून उभा राहिला. नाना पाय जवळ घेऊन स्टुलावर आणखी लहान झाले, म्हणजे कुणाला जायचं असेल तर वाट मिळावी. ते पाहिलं आणि तिच्या आत काहीतरी सुटलं.

"नाना," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच मोठा वाटला, "ओला टॉवेल तुम्ही पलंगावर टाकता. रोज. गादीला वास येतो. कितीदा मी तो उचलते आणि दात-ओठ खात वाळत घालते." नानांनी मान वर केली. "बातम्या एवढ्या मोठ्यानं लावता की खालच्या मजल्यावर वेगळा टीव्ही लागत नाही. कान तपासून घ्या म्हटलं तर उद्या, उद्या. औषध घेतलं का विचारलं की हो म्हणता आणि गोळी खिडकीच्या फटीत सापडते. तुम्हाला काय वाटतं, मला कळत नाही? त्या स्टुलावर काय बसता चोवीस तास, पाठ मोडेल एक दिवस, मग मलाच चोळावी लागेल. आणि नळ उघडा ठेवता, टाकीभर पाणी घालवता, वर माझी परीक्षा बघता. तुम्हाला काही लाज? आणि जाऊ का म्हणून न विचारता बॅगा भरता. मी तुमची कुणीच नाही का?" शेवटच्या वाक्याला तिचा आवाज फुटला, पण ती थांबली नाही, तिनं बाहीनं नाक पुसलं आणि बोट रोखून तशीच उभी राहिली.

नानांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षातही नव्हतं. भिंतीचा आधार न घेता ते स्टुलावरून उठले, चालत येऊन टेबलाशी बसले, दोन्ही कोपर पसरून, भरपूर जागा घेऊन.

"अजून?" नानांनी विचारलं.

"पुष्कळ आहे," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली.